जुन्या घडणीच्या गिटारच्या पाठीची गोलाई कशी काढावी

आपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लंडनच्या धर्तीची, म्हणजे तिथला कारागीर लुई पानोर्मो याच्या पद्धतीची, लहान अंगाची गिटार घडवत आहात. हातातल्या नकाशावर पाठीची त्रिज्या कुठेच दिलेली नाही. बाजूंची उंची मात्र पाच ठिकाणी दिली आहे: शेपटीशी ९२, खालच्या घेरावर ८९.८, कमरेशी ९०.७, वरच्या घेरावर ८६.५ आणि मानेच्या टाचेशी ८४ मिलिमीटर. उंची शेपटीकडून मानेकडे कमी होत जायला हवी असताना कमरेशी ती पुन्हा वाढलेली दिसते, म्हणून हा आकडा छपाईतली चूक असावा अशी आपली शंका आहे. तो दुरुस्त करून शेपटीपासून टाचेपर्यंत सरळ उतार द्यावा आणि पाठ मात्र बाजारात तयार मिळणाऱ्या पंधरा फुटी त्रिज्येच्या खोलगट तबकावर घडवावी, असा बेत आपण कळवला आहे.

माझे उत्तर असे की तो आकडा बरोबर आहे आणि त्याला हात लावू नये. आपण जी गोलाई शोधत आहात ती या पाच आकड्यांतच आहे, आणि त्यांतही सर्वांत जास्त कमरेच्या आकड्यात आहे. जुन्या घडणीच्या वाद्याच्या बाबतीत पाठीची गोलाई पाठीवर मोजण्याऐवजी बाजूंच्या उंचीवरून काढावी, असे माझे मत आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

दीड-दोनशे वर्षे जुन्या गिटारची पाठ तिच्या मूळ आकारात राहिलेली क्वचितच सापडते. पाठीचे फळे आडव्या दिशेने आकसतात, आतून चिकटवलेले आडवे बार मात्र त्यांच्या लांबीत जवळजवळ आकसत नाहीत. बाहेरचा थर लहान झाला आणि आतला तेवढाच राहिला की बाक उघडतो, पाठ सपाट होत जाते आणि कधी कधी मधोमध आत बसते. त्यात एखादा बार सुटलेला असतो, मधला जोड पूर्वी कोणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेला असतो, दुरुस्तीसाठी पाठ एकदा काढून परत बसवलेली असते. अशा पाठीवर सरळपट्टी ठेवून जो बाक मिळतो तो त्या वाद्याच्या आजारपणाचा असतो. बाजूंचे तसे नसते. बाजूची पट्टी उंचीच्या दिशेने आकसते खरी, पण नव्वद मिलिमीटरांत ते आकसणे थोडे आणि सगळीकडे जवळपास सारखे असते, त्यामुळे उंचीचा चढउतार जसाच्या तसा टिकतो. कारागिराने पाठ बसवण्यापूर्वी बाजूंच्या कडेवरून जो रंधा फिरवला, त्याची नोंद तिथे शाबूत असते. ज्यांच्यासमोर नकाशाऐवजी प्रत्यक्ष जुने वाद्य आहे त्यांनीही व्हर्नियर घेऊन दोन्ही बाजूंची उंची आठ-दहा ठिकाणी मोजावी. डावी आणि उजवी बाजू एकमेकींशी जुळली आणि पाठ तेवढी वेगळे सांगू लागली, तर बाजूंवर विश्वास ठेवावा.

आता कमरेशी उंची का वाढते ते पाहू. पाठ दोन दिशांनी वाकलेली आहे: लांबीच्या दिशेने शेपटीपासून टाचेपर्यंत, आणि रुंदीच्या दिशेने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आडव्या बाकामुळे मधल्या रेषेपासून जितके दूर जावे तितकी पाठ खाली उतरते, आणि हा उतार अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खालच्या घेराची रुंदी २९० मिलिमीटर आहे, म्हणजे तिथली कड मधल्या रेषेपासून १४५ मिलिमीटर दूर आहे. कमरेची रुंदी १७५, म्हणजे तिथली कड ८७.५ मिलिमीटरवरच आहे. खालच्या घेराच्या कडेपर्यंत पाठ ४ मिलिमीटर उतरत असेल तर कमरेच्या कडेपर्यंत ती जेमतेम दीड मिलिमीटर उतरते. कमरेशी पाठ कमी उतरते, म्हणून तिला भेटायला बाजूला तिथे जास्त वर यावे लागते. शिवाय कमर लांबीच्या बाकाच्या माथ्याजवळ येते, त्यामुळे आणखी भर पडते. बाकदार पाठीच्या कुठल्याही गिटारकडे बाजूने, कडेच्या रेषेत एक डोळा मिटून पाहिले तर कमरेशी आलेला हा हलका चढ नजरेला सापडतो.

हे आकड्यांत मांडू. अंगाची लांबी ४५० मिलिमीटर, आणि शेपटीपासून मोजल्यास खालच्या घेराची कमाल रुंदी ११५ वर, कमर २६५ वर आणि वरचा घेर ३५५ वर, असे आपण नकाशावरून कळवले आहे. प्रथम शेपटीच्या ९२ पासून टाचेच्या ८४ पर्यंत सरळ उतार आहे असे समजून तीन ठिकाणची उंची काढावी. ती अनुक्रमे ९०.०, ८७.३ आणि ८५.७ येते. नकाशावरचे आकडे यांच्याशी ताडले की फरक मिळतात: खालच्या घेरावर उणे ०.२, कमरेशी अधिक ३.४ आणि वरच्या घेरावर अधिक ०.८. पाठीचा सगळा बाक या तीन फरकांत आला.

जीवेच्या मध्यावर कंस जितका उंच उचललेला असतो त्या उंचीला जुन्या गणितात शर म्हणतात, तोच शब्द मी पुढे वापरतो. आपल्याला दोन शर शोधायचे आहेत: लांबीच्या दिशेचा उभा शर, आणि खालच्या घेराच्या रुंदीवरचा आडवा शर. उभ्या शराचा किती भाग कुठे मिळतो हे मध्यापासूनच्या अंतरावर ठरते. मध्य २२५ वर आहे, खालचा घेर त्यापासून ११० दूर आहे. ११० भागिले २२५ यांचा वर्ग एकातून वजा केला की ०.७६ उरतात. याच रीतीने कमरेशी ०.९७ आणि वरच्या घेरावर ०.६७ मिळतात. आडव्या शराचा भाग रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: खालच्या घेरावर पूर्ण १, कमरेशी ०.३६, वरच्या घेरावर ०.६३. बाजूच्या उंचीतला फरक म्हणजे उभ्या शराचा तो भाग वजा आडव्या शराचा तो भाग. खालचा घेर आणि कमर यांची दोन समीकरणे शाळेतल्या पद्धतीने सोडवली की उभा शर ५ मिलिमीटर आणि आडवा शर ४ मिलिमीटर येतो.

वरचा घेर मी मुद्दाम बाजूला ठेवला होता, तो साक्षीदार म्हणून. ०.६७ गुणिले ५ मधून ०.६३ गुणिले ४ वजा केले तर ०.८ उरतात, आणि नकाशावरचा फरकही ०.८ आहे. ज्याने हा नकाशा केला त्याने बाजू नीट मोजल्या आहेत आणि कमरेचा आकडा छपाईत बिघडलेला नाही, याची खात्री या एका ताळ्याने होते. हा ताळा बसला नसता तर लांबीच्या बाकाचा माथा मध्यावर नाही, तो शेपटीकडे सरकलेला आहे, अशी शक्यता तपासावी लागली असती. जुन्या वाद्यांत तसेही आढळते, आणि तेव्हा अधिक ठिकाणची उंची मोजल्याशिवाय गत्यंतर नसते.

शरावरून त्रिज्या हवी असल्यास जीवेच्या वर्गाला शराच्या आठपटीने भागावे आणि त्यात शराचा निम्मा मिळवावा. आडव्या दिशेने २९० वर ४ म्हणजे त्रिज्या सुमारे २,६३० मिलिमीटर, आणि लांबीच्या दिशेने ४५० वर ५ म्हणजे सुमारे ५,०६५ मिलिमीटर. या आकड्यांच्या अचूकपणावर मात्र फार भिस्त ठेवू नये. कमरेची उंची मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर आडवा शर साधारण तेवढ्यानेच बदलतो, पण त्रिज्या तीनशे-चारशे मिलिमीटरांनी इकडेतिकडे होते. त्रिज्या ही फर्मा आखण्यापुरती सोय आहे. कारागिराने शर लक्षात ठेवावा.

आपल्या तबकाचा प्रश्न इथेच सुटतो. दोन दिशांच्या त्रिज्यांत जवळपास दुपटीचा फरक आहे, आणि तबक गोलाचा तुकडा असल्यामुळे त्याला दोन्ही दिशांना एकच त्रिज्या असते. पंधरा फूट म्हणजे ४,५७२ मिलिमीटर. त्यावर आडवा शर फक्त २.३ येतो आणि उभा ५.५. अशी पाठ बसवायची तर खालच्या घेरावर बाजू ८९.८ ऐवजी सुमारे ९१.९ लागेल, म्हणजे वाद्याचा पार्श्वाकारच बदलेल. पंधरा फुटी तबक पोलादी तारांच्या आजच्या गिटारसाठी रूढ झाले आहे, तिथे ते योग्यच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कारागिराचा आडवा बाक बारांच्या वक्रतेतून येई आणि उभा बाक बाजूंच्या कडेतून. आपणही तसेच करावे. आणि सरळ उतार देण्याचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण सरळ कडांवर आडवा बाक असलेली पाठ बसवली तर मधली रेषा खालच्या घेराशी ४ मिलिमीटर उचललेली, कमरेशी दीड आणि वरच्या घेराशी पुन्हा अडीच अशी होते. कमरेशी खळगा पडतो, आणि पॉलिश चढल्यावर तो प्रकाशात उठून दिसतो.

बारांसाठी फर्मा करताना २,६३० मिलिमीटरचा कंपास शोधत बसू नये. एका फळीवर ४०० मिलिमीटर अंतराने दोन खिळे ठोकावेत आणि त्यांच्या मधोमध ७.६ मिलिमीटर वर एक खूण करावी. प्रत्येकी ४०० मिलिमीटरपेक्षा लांब अशा दोन सरळ पट्ट्या अशा जोडाव्यात की त्यांचा कोन त्या खुणेवर आणि बाहेरच्या कडा दोन्ही खिळ्यांना टेकलेल्या राहतील. मग कोनात पेन्सिल धरून हा सांगाडा खिळ्यांना टेकवतच एका खिळ्याकडून दुसऱ्याकडे सरकवावा. मिळणारा कंस अगदी अचूक वर्तुळाचा असतो. त्यावरून एक पातळ फर्मा कापून तीन किंवा चार, जितके बार असतील त्या सगळ्यांना तोच लावावा. कमरेचा बार आखूड असल्यामुळे त्याचा शर आपोआप कमी होतो, त्याला वेगळा फर्मा लागत नाही.

बाराचा स्प्रूस उभ्या रेषांचा घ्यावा, आणि बार चिकटवताना पाठीखाली त्याच वक्रतेची पोकळ आधारपट्टी ठेवावी. तरीही शिकंजे काढल्यावर पाठ थोडी उघडतेच, कारण दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा फळा सपाट होण्यासाठी ओढत असतो. किती उघडते ते लाकडावर आणि बाराच्या उंचीवर अवलंबून असल्यामुळे त्याचा ठरीव आकडा मी देणार नाही. बार बसल्यानंतर पाठ पालथी ठेवून तिन्ही ठिकाणी शर पुन्हा मोजावा आणि बाजूंची उंची त्या मोजलेल्या शरावरून नव्याने काढावी. म्हणूनच सुरुवातीला बाजू नकाशापेक्षा एखादा मिलिमीटर उंच ठेवाव्यात. शेवटचे जुळवणे खडूने करावे: पाठीच्या आतल्या कडेला खडू लावावा, पाठ जागेवर ठेवून किंचित हलवावी, आणि बाजूंवर जिथे खडू उमटेल तिथेच रंधा किंवा काचपेपरची फळी चालवावी.

दोन जागा अशा आहेत जिथे नवखा माणूस हमखास फसतो. पहिली म्हणजे मानेकडचा ठोकळा. टाचेशी पाठीचा उतार सर्वांत तीव्र असतो, कारण लांबीचा बाक आणि अंगाचा निमुळतेपणा तिथे एकाच दिशेने काम करतात. ठोकळ्याचा पाय आत ५० मिलिमीटर जात असेल तर त्याचे आतले टोक टाचेपेक्षा जवळपास २.९ मिलिमीटर उंच असायला हवे. ठोकळा चौकोनी ठेवून पाठ दाबून बसवली तर ती पुढच्या कडेवर टेकते, आतल्या बाजूला फट राहते, आणि शिकंजा काढल्यानंतर तिथला सरस केव्हातरी सुटतो. शेपटीच्या ठोकळ्यात हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध जातात, त्यामुळे १५ मिलिमीटरांत फरक फक्त ०.४ चा पडतो. दुसरी जागा लायनिंगची, म्हणजे पाठ चिकटवायला टेकण मिळावे म्हणून बाजूंच्या कडेला आतून लावलेल्या पट्टीची. खालच्या घेराशी पाठ कडेला सुमारे तीन अंशांनी उतरलेली असते, तेव्हा लायनिंगचा माथाही आतल्या बाजूला तेवढाच चढता हवा. पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत हा फरक पाव मिलिमीटरच्या आसपास आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, पण सरसाच्या जोडाला नेमका तेवढाच अडतो.

आवाजाबद्दल आपण विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न तोच असेल म्हणून थोडक्यात लिहितो. बाकामुळे पाठ ताठ होते, त्यामुळे कमी जाडीत आणि हलक्या बारांवर काम भागते आणि पाठीचा स्वतःचा स्वर वर सरकतो. याहून मोठे दावे मी करणार नाही. स्पॅनिश कारागीर आंतोनियो दे तोर्रेस याने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या असलेली गिटार केली, ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आवाजाचा मोठा वाटा पुढच्या फळ्याचा असतो हे त्याला दाखवायचे होते, असा तिचा अर्थ सहसा लावला जातो, आणि तो मला पटतो. पॅरिसचा कारागीर रने लाकोत याच्या काळातील फ्रेंच गिटारींच्या पाठी तर अनेकदा आतून स्प्रूस आणि बाहेरून मेपल किंवा शिसवीचा पातळ थर अशा दुहेरी असत. त्या पाठी एकसंध फळ्यासारख्या हलत नाहीत, म्हणून त्यांचे मोजमाप आपल्या पाठीला लावू नये.

ग्वाल्हेरच्या हवेचा विषय मात्र टाळता येणार नाही. पाठीला बाक दिला की लाकडाला आकसायला जागा मिळते आणि ते तडकत नाही, असे सर्रास सांगितले जाते. आपल्या मापांवर हे ताडून पाहू. २९० मिलिमीटर जीवेवर ४ मिलिमीटर शर असलेल्या कंसाची लांबी जीवेपेक्षा फक्त ०.१५ मिलिमीटरने जास्त असते. म्हणजे कडा जागच्या जागी धरून पाठ पूर्ण सपाट झाली तरी तिला एवढीच सवलत मिळते. उभ्या चिरणीची (फळ्याच्या टोकाला वलयरेषा जाडीच्या दिशेने उभ्या दिसतील अशी कापलेली) शिसव ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत आडव्या दिशेने अडीच ते तीन टक्के आकसते, म्हणजे लाकडातल्या ओलाव्याच्या दर टक्क्यामागे साधारण ०.०९ टक्के. हवेची आर्द्रता ४५ टक्के असताना लाकडात साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा स्थिरावतो, आणि मे-जूनच्या लूमध्ये आर्द्रता २० वर आली की तो साडेचारपर्यंत उतरतो. या चार टक्क्यांत २९० मिलिमीटरची पाठ एक मिलिमीटरहून थोडी जास्त आकसू पाहते. पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रतेत पाठ चिकटवली असेल तर हाच आकडा तीन मिलिमीटरांवर जातो. पॉलिश केलेले लाकूड हवेशी पूर्ण समतोलाला पोचायला बराच वेळ घेते, म्हणून प्रत्यक्षात हे इतके होत नाही. पण ०.१५ आणि ३ यांतली दरी केवळ बाकाने भरून निघणारी नाही. उरलेला ताण लाकूड, बार आणि जोड सोसतात, आणि त्यांतले जे सर्वांत कच्चे असेल ते आधी जाते.

म्हणून बार चिकटवण्याची आणि पाठ बंद करण्याची वेळ गोलाईइतक्याच काळजीने निवडावी. आपल्याकडे ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर, किंवा मार्चचा पूर्वार्ध बरा पडतो, पण महिन्यावर न जाता हायग्रोमीटर पाहावा आणि खोलीत आर्द्रता ४० ते ४५ टक्के असतानाच सरस तापत ठेवावा. बारांचे लाकूड आणि पाठीचे फळे त्याच खोलीत आधी दोन-तीन आठवडे उभे करून ठेवावेत, दोन्ही अंगांना वारा लागेल असे. कोरड्या दिवसांत चिकटवलेली पाठ पावसाळ्यात फुगते, बाक एक-दीड मिलिमीटर वाढलेला दिसतो, पण लाकूड दाबले जाते, ताणले जात नाही, त्यामुळे तडा जाण्याची भीती राहत नाही. उन्हाळ्यात मात्र गिटार कूलरच्या खोलीत उघडी टांगू नये. रात्री कूलर चालू असताना ओलावा आणि दुपारी वीज गेली की कोरडी लू, हा रोजचा चढउतार कुठल्याही शराला झेपत नाही. पेटीत ठेवावी आणि पेटी भिंतीपासून दूर ठेवावी.

आपल्या पाठीचे फळे स्थानिक शिशमाचे आहेत की दक्षिणेतल्या शिसवीचे, हे आपण लिहिलेले नाही. शिशमाचा फळा आडव्या चिरणीचा असेल तर तो वर दिलेल्या हिशेबाच्या दुपटीच्या आसपास आकसतो असे धरावे, आणि बार चिकटवण्याआधी चिरणी कशी आहे ते फळ्याच्या टोकाला पाहून घ्यावे.